क्रिकेटवीर कै. बाळू पालवणकर (१८७६–१९५५)

केडगाव व परिसरातील समाजबांधवांच्या हाती ही वार्षिक स्मरणिका देताना तीत समाजाच्या एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र असावे, हे उचितच होय. संत रोहिदासांचे चरित्र आपल्या घराघरांत सांगितले जाते. राजे, सेनापती व समाजसुधारक यांची चरित्रे आपली मुले शाळेत वाचतात. परंतु केवळ खेळाच्या बळावर ज्याने आपल्या समाजाचे नाव सातासमुद्रापलीकडे नेले, त्या चर्मकारपुत्राचे नाव आपल्यातील किती मुलांस ठाऊक आहे? डाव्या हाताने देवापुढे नैवेद्य ठेवू नये, असे वडीलधारी माणसे सांगतात. त्याच डाव्या हातात चेंडू घेऊन या माणसाने इंग्रजांचे नामांकित फलंदाज बाद केले आणि जे दरवाजे त्याच्यासाठी बंद होते ते हळूहळू किलकिले केले. त्या कै. बाळू पालवणकर यांचे जीवन येथे थोडक्यात निवेदन करण्याचे योजिले आहे.

जन्म व बालपण

बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाड येथे झाला. घराणे मूळचे कोकणातील. पालवण या गावावरून पालवणकर हे आडनाव पडले. वडील लष्करातील चाकरीत होते आणि त्या निमित्ताने हे कुटुंब पुण्यास येऊन राहिले. बाळू हे वडील बंधू. त्यांच्या पाठचे शिवराम, गणपत व विठ्ठल हे तिघेही पुढे नामवंत क्रिकेटपटू झाले. एकाच घरातील चौघा भावांनी हिंदू संघाकडून खेळावे, हा योग दुर्मिळच म्हटला पाहिजे.

छावणीचे जीवन केडगावकरांना अपरिचित नाही. आपल्या शेजारी भिंगारची छावणी आहे. इंग्रजांनी १८०३ साली नगरचा किल्ला घेतल्यापासून गोऱ्या पलटणी, त्यांचे कवायतीचे मैदान, त्यांचे खेळ आणि त्यांच्या चाकरीत राबणारी आपली माणसे हे दृश्य येथील कित्येक पिढ्यांनी पाहिले. पुण्याच्या छावणीतही तोच प्रकार होता. गोरे अधिकारी खेळून गेले की टाकून दिलेल्या जुन्या बॅटी व चेंडू घेऊन नोकरचाकरांची मुले खेळत. बाळू व शिवराम यांचे क्रिकेटचे पहिले शिक्षण असे टाकाऊ सामानावर झाले. पुढे घरच्या अडचणींमुळे शाळा सुटली आणि मिळवते होणे भाग पडले.

जिमखान्यावरील चाकरी

पहिली नोकरी मिळाली ती पुण्यातील पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबात. खेळपट्टी झाडणे, तिच्यावर रूळ फिरविणे आणि सभासदांची इच्छा होईल तेव्हा त्यांना सरावासाठी चेंडू टाकणे, हे काम होते. पगार दरमहा तीन रुपये. सुमारे १८९२ साली ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले. तेथेही खेळपट्टी तयार करणे, सरावाच्या जाळ्या बांधणे, टेनिसची मैदाने आखणे अशीच कामे होती. त्यांच्या गोलंदाजीतील गुण लक्षात आल्यावर सभासदांना रोज चेंडू टाकण्याचे कामही त्यांच्याकडे आले.

येथे एक गोष्ट तरुण वाचकांस समजावून सांगणे अवश्य आहे. त्या काळी धंदेवाईक खेळाडू म्हणजे आजच्यासारखा लक्षाधीश पुरुष नव्हे. क्लबाचे सभासद हौसेने खेळत. त्यांना सराव मिळावा म्हणून पगारी नोकर ठेवलेले असत. क्रिकेटच्या मैदानावर जसा गोलंदाज, तसा टेनिस व स्क्वॉशच्या कोर्टावर मार्कर. चार भिंतींच्या आत रबरी चेंडूने खेळावयाचा स्क्वॉश हा खेळ तर या देशात अशा मार्करांनीच जिवंत ठेवला. पेशावरचे हाशिम खान हे गोऱ्या अधिकाऱ्यांच्या स्क्वॉश कोर्टावर चेंडू वेचून देणारे पोर होते. साहेबलोक विश्रांतीस गेले की रिकाम्या कोर्टावर ते एकटेच खेळत. त्यांनी १९४४ साली मुंबईस अखिल भारतीय धंदेवाईक स्पर्धा जिंकली आणि १९५१ साली इंग्लंडमधील सर्वांत मानाची ब्रिटिश ओपन स्पर्धाही जिंकली. बाळू हे याच वाटेवरचे, परंतु जवळजवळ अर्धशतक आधीचे प्रवासी होत. फरक इतकाच की, हाशिम खानांना रिकामे कोर्ट तरी मिळाले. बाळूंच्या वाट्याला बॅट कधीच आली नाही. फलंदाजी हा साहेबांचा मान होता. तासन्‌तास चेंडू टाकूनही क्लबात आपल्याला एकदाही फलंदाजी करू दिली नाही, असे त्यांनी पुढे आपल्या घरी सांगितल्याचे नमूद आहे.

पण अन्यायातूनही विद्या घेता येते. कॅप्टन ग्रेग हे त्या काळचे युरोपियनांचे सर्वोत्तम फलंदाज. ते इतरांच्या आधी तासभर येऊन बाळूंच्या चेंडूंवर सराव करीत आणि बाळूंनी आपल्याला बाद केले की दर वेळी आठ आणे बक्षीस देत, असे सांगतात. तीन रुपये पगारावर चाकरीस सुरुवात केलेल्या मुलास आठ आणे म्हणजे काय, हे गृहिणींनी मनात आणून पाहावे! त्या आठ आण्यांपायी चेंडूचा टप्पा, वळण, वेग आणि उंची यांचा बाळूंनी असा अभ्यास केला की मंदगती डावखुऱ्या गोलंदाजीत त्यांच्या तोडीचा दुसरा गोलंदाज हिंदुस्थानात उरला नाही. इंग्लंडचे प्रख्यात गोलंदाज विल्फ्रेड ऱ्होड्स यांच्याशी त्यांची तुलना होऊ लागली.

हिंदू संघात प्रवेश

युरोपियनांच्या मैदानावर एक डावखुरा मुलगा ग्रेगसाहेबांना बाद करतो, ही वार्ता पुण्याच्या हिंदू क्लबात पोहोचली आणि तेथील मंडळींपुढे पेच पडला. गोऱ्यांना हरवावयाचे तर हा गोलंदाज हवा. पण तो अस्पृश्य. काही सभासदांनी विरोध केला. काहींनी आग्रह धरला. अखेर विजयाच्या इच्छेने रूढीवर मात केली आणि बाळूंना संघात घेण्यात आले.

परंतु ही मात मैदानापुरतीच होती. खेळ चालू असता बाळूंनी हाताळलेला चेंडू यष्टिरक्षकाने धरावा, क्षेत्ररक्षकाने परत फेकावा, यात कोणास विटाळ वाटत नसे. चहाची वेळ झाली की इतर खेळाडू आत जाऊन चिनी मातीच्या पेल्यांतून चहा घेत. बाळूंना तो बाहेर, वापरून फेकून द्यावयाच्या मातीच्या भांड्यात मिळे. जेवण वेगळ्या ताटात, वेगळ्या जागी. तोंड धुण्यास पाणी हवे असल्यास ते मैदानाच्या कोपऱ्यात एखाद्या अस्पृश्य नोकराने आणून द्यावयाचे.

वाचकांनी क्षणभर त्या चेंडूचा विचार करावा. क्रिकेटचा चेंडू म्हणजे बुचाच्या गाभ्यावर शिवलेले चामडे. चामडे कमावणे, कापणे आणि शिवणे हा आपल्या वाडवडिलांचा पिढीजात व्यवसाय आणि त्याच व्यवसायासाठी आपल्याला दूर लोटले गेले. पण तेच चामडे तांबडे रंगवून मैदानावर आले की साऱ्या जातींचे हात त्यासाठी पुढे येत. चामड्याचा चेंडू चालतो, तो टाकणारा हातही चालतो, मात्र त्या हातातील पेला चालत नाही, ही विसंगती बाळूंच्या गोलंदाजीने भर मैदानात, हजारो लोकांसमक्ष उघडी पाडली. त्यावर त्यांनी व्याख्याने दिली नाहीत. ते गडी बाद करीत राहिले आणि पाहणाऱ्यांना विचार करणे भाग पडले.

पुण्याच्या युरोपियनांचा पराभव झाला. नंतर साताऱ्यास तेथील गोऱ्यांच्या जिमखान्याविरुद्ध सामना झाला आणि त्यात बाळूंनी सात गडी बाद केले. परत आल्यावर पुण्यात सत्कार झाला व न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी त्यांना हार घातला. रानड्यांसारख्या मान्यवर ब्राह्मण पुढाऱ्याने भरसभेत एका चर्मकार तरुणाचा असा गौरव करावा, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

मुंबई व १९०६ चा विजय

१८९६ साली प्लेगची साथ पसरली आणि त्या सुमारास बाळू मुंबईस आले. काही काळ लष्करात राहून पुढे त्यांनी बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत नोकरी धरली व रेल्वेच्या संघाकडूनही ते खेळू लागले. परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यात त्यांच्या प्रवेशास काही सभासदांचा विरोध होता. संघाचे तत्कालीन नायक कीर्तिकर यांनी आग्रह धरला आणि तो विरोध मावळला. पाठोपाठ शिवरामही संघात आले.

फेब्रुवारी १९०६ मध्ये बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर हिंदू व युरोपियन यांचा सामना झाला. हिंदूंनी २४२ व १६० धावा केल्या. युरोपियनांचा पहिला डाव १९१ धावांत आणि दुसरा अवघ्या १०२ धावांत आटोपला. हिंदूंचा १०९ धावांनी विजय झाला आणि त्यात बाळूंच्या गोलंदाजीचा वाटा मोठा होता. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात, त्यांच्याच मैदानावर हरविल्याचा आनंद साऱ्या मुंबईने साजरा केला. पुढील वर्षापासून पारशी, हिंदू व युरोपियन यांची तिरंगी स्पर्धा आणि १९१२ पासून मुसलमान संघासह चौरंगी स्पर्धा सुरू झाली.

या विजयानंतर वृत्तपत्रांत एका वेगळ्याच गोष्टीची चर्चा झाली. मुंबईच्या जिमखान्यात पालवणकर बंधू इतर खेळाडूंच्या पंक्तीस बसू लागले होते. पुण्यात मातीच्या भांड्यात चहा पिणाऱ्या बाळूंना दहा-बारा वर्षांत हे स्थान मिळाले. ते कोणी दान म्हणून दिले नव्हते. त्यांनी ते गडी बाद करून मिळविले होते.

विलायतेचा दौरा

१९११ साली पारशी, हिंदू व मुसलमान खेळाडूंचा पहिला अखिल भारतीय संघ विलायतेस गेला. पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग हे नायक होते. बाळूंचे वय तेव्हा ३५ वर्षांचे. गोलंदाजीला उतरती कळा लागावयाचे हे वय. त्यातच त्यांचा खांदा दुखत होता. हवा थंड, खेळपट्ट्या अनोळखी आणि प्रतिपक्ष बलाढ्य. संघाने सुरुवातीचे सामने ओळीने गमावले व एकूण दौऱ्यातही पराभवांची संख्या मोठी राहिली.

या अपयशी दौऱ्यात एक माणूस मात्र यशस्वी ठरला. साऱ्या सामन्यांत मिळून बाळूंनी ११४ गडी बाद केले आणि त्यासाठी गडीमागे १९ हूनही कमी धावा दिल्या. त्यांपैकी ७५ गडी प्रथम श्रेणीच्या सामन्यांतील होते. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत ८ गडी, ही त्यांच्या आयुष्यातील सर्वोत्तम कामगिरी. लीस्टरशायरवर संघाने विजय मिळविला, त्या सामन्यात बाळूंनी ११ गडी बाद केले. सॉमरसेटविरुद्धचा सामना तर आपल्या घरातील मुलांना गोष्टीप्रमाणे सांगावा असा आहे. त्या सामन्यात शिवराम यांनी नाबाद ११३ धावा केल्या, बाळूंनी ५५ धावा केल्या आणि अवघा एक गडी शिल्लक असता संघ जिंकला. ज्यांना एके काळी क्लबात बॅट हाती धरू दिली नव्हती, त्यांनी इंग्लंडात अर्धशतक काढून सामना जिंकण्यास हातभार लावला.

परत आल्यावर मुंबईत अस्पृश्य समाजातर्फे त्यांचा सत्कार होऊन मानपत्र देण्यात आले. ते मानपत्र महाविद्यालयात शिकणाऱ्या एका तरुणाने लिहिले होते. त्या तरुणाचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. बाबासाहेबांच्या सार्वजनिक जीवनातील अगदी आरंभीच्या कामांपैकी हे एक काम होय, हे आपण सर्वांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

नायकपदाचा प्रश्न

यानंतरची दहा वर्षे बाळूंच्या आयुष्यातील सर्वांत बोचरी होत. अनुभवाने, कर्तृत्वाने व ज्येष्ठतेने संघाचे नायकपद त्यांचे होते. वर्षामागून वर्ष गेले. त्यांचे चाहते मागणी करीत राहिले. पण नायकपद दर वेळी सवर्ण खेळाडूकडे गेले. १९१३ साली नायक झालेले म. द. पै यांनी आपल्या सत्कारसमारंभातच हा मान ज्येष्ठ या नात्याने बाळूंचा होता, असे मोकळेपणाने सांगितले. हा त्यांच्या मनाचा मोठेपणा होय.

तिढा खेळातील कौशल्याचा नव्हता. गोलंदाजी हे श्रमाचे काम. ते अस्पृश्याने केलेले चालत होते. नायक म्हणजे आज्ञा देणारा. ब्राह्मण, प्रभू व सारस्वत खेळाडूंनी चर्मकाराच्या आज्ञेने मैदानावर उभे राहावयाचे, हे मात्र निवड समितीच्या गळी उतरत नव्हते. आपली विद्या व आपले श्रम घ्यावयाचे आणि अधिकाराची जागा मात्र नाकारावयाची, हा अनुभव कचेरीत, कारखान्यात व शाळेत आपल्यापैकी अनेकांनी घेतला आहे. म्हणून बाळूंच्या आयुष्यातील हा भाग आपणांस परका वाटणार नाही.

१९२० सालच्या चौरंगी सामन्यांच्या वेळी वाद विकोपास गेला. बाळूंना संघातून वगळण्यात आले. आणि नायक पै आजारी असल्याने पहिल्या सामन्याचे नेतृत्व पालवणकर बंधूंहून अनुभवाने कनिष्ठ अशा खेळाडूकडे देण्यात आले. तेव्हा विठ्ठल व शिवराम यांनी जाहीर निषेध करून संघातून अंग काढून घेतले. लोकमताचा दाब वाढला. अंतिम सामन्यापूर्वी समेट होऊन दोघे बंधू परतले, बाळूंना संघात घेऊन उपनायक करण्यात आले आणि पै यांनी काही वेळ मुद्दाम मैदानाबाहेर जाऊन नेतृत्व त्यांच्या हाती सोपविले. ज्या मानाची दहा वर्षे वाट पाहिली तो असा घटकाभर, तोही एका स्नेह्याच्या सौजन्याने मिळाला.

तरीही ती घटका वाया गेली नाही. १९२३ साली विठ्ठल पालवणकर हे हिंदू संघाचे रीतसर नायक झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली संघाने त्याच वर्षी स्पर्धा जिंकली. सवर्ण चाहत्यांनी त्यांना खांद्यावर घेऊन मिरविले. थोरल्या भावाने पेरले ते धाकट्याच्या हाती पीक होऊन आले. विठ्ठल यांनी पुढे ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र लिहिले.

सार्वजनिक जीवन

खेळातून निवृत्त झाल्यावर बाळू सार्वजनिक कार्यात पडले. १९३२ साली स्वतंत्र मतदारसंघांच्या प्रश्नावर ते संयुक्त मतदारसंघाच्या बाजूचे होते. महात्मा गांधींनी येरवड्यास उपोषण आरंभिल्यावर २४ सप्टेंबर १९३२ रोजी जो पुणे करार झाला, त्यावर सह्या करणाऱ्यांत बाळूही होते. १९३३ च्या सुमारास मुंबई महापालिकेची निवडणूक त्यांनी हिंदुमहासभेतर्फे लढविली. तीत त्यांना यश आले नाही.

१९३७ साली मुंबई विधानसभेच्या राखीव जागेसाठी काँग्रेसने त्यांना उभे केले, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याविरुद्ध. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. बाबासाहेब निवडून आले.

या प्रसंगाविषयी लिहिताना लेखणी अडखळते. परंतु चरित्रकाराने तो टाळू नये. ज्या तरुणाने १९११ साली मानपत्र लिहिले, त्याच्याविरुद्ध २६ वर्षांनी उभे राहण्याची पाळी त्या मानपत्राच्या धन्यावर यावी, यात नियतीचा क्रूर खेळ दिसतो. दोघांचेही ध्येय अस्पृश्यतेचे निर्मूलन हेच होते; मार्गाविषयी मात्र मतभेद होता. बाबासाहेबांना समाजाचे स्वतंत्र सामर्थ्य उभारावयाचे होते. बाळूंचे सारे आयुष्य एकाच संघात राहून, अपमान गिळून, गुणांच्या बळावर जागा मिळविण्यात गेले होते. त्यांच्या राजकारणावर त्याच अनुभवाचा ठसा होता. इतिहासाने बाबासाहेबांचा कौल मान्य केला आहे. तथापि एका निवडणुकीवरून बाळूंच्या साठ वर्षांच्या कष्टांचे माप करणे आणि त्यांचे नाव घरात घेण्याचे टाळणे, हे कृतघ्नपणाचे ठरेल. पुणे कराराच्या एकाच कागदावर या दोघांच्याही सह्या आहेत, हे आपण विसरू नये.

अखेर

४ जुलै १९५५ रोजी मुंबईस बाळूंचे निधन झाले. त्यांच्या अंत्ययात्रेस समाजातील पुढारी व संसद सदस्य उपस्थित होते. ३३ प्रथम श्रेणीच्या सामन्यांत १७९ गडी, गडीमागे अवघ्या सव्वापंधरा धावा, ही त्यांची अंकांतील मिळकत. भारताने पहिला कसोटी सामना १९३२ साली लॉर्ड्सवर खेळला, तेव्हा बाळूंनी पन्नाशी ओलांडली होती. त्यामुळे कसोटीपटूंच्या यादीत त्यांचे नाव नाही. निधनानंतर कित्येक वर्षे हे नाव विस्मरणात गेले होते. २००२ साली इतिहासकार रामचंद्र गुहा यांच्या ग्रंथामुळे ते पुन्हा देशापुढे आले. आपल्या माणसाचा इतिहास दुसऱ्याने लिहिल्यावर तो आपल्याला कळावा, याची थोडी खंत आपण बाळगली पाहिजे.

आज केडगाव हे वाढत्या शहराचे उपनगर झाले आहे. रेणुकामातेच्या दर्शनास जाणाऱ्या वाटेवर आणि मोकळ्या जागांत संध्याकाळी मुले क्रिकेट खेळताना दिसतात. चेंडू कोणाच्या हातातून आला, हे त्यांतील कोणी विचारीत नाही. हे सहजपण आपोआप आलेले नाही. पुण्याच्या मैदानावर मातीच्या भांड्यातील चहा पिऊन पुन्हा गोलंदाजीस उभ्या राहिलेल्या एका माणसाने त्याची किंमत आधीच मोजून ठेवली आहे.

मुलांनी खेळावे, पण शाळा सोडू नये. बाळूंना ती सोडावी लागली होती. आणि ज्या घरात हा अंक जाईल, त्या घरातील वडीलधाऱ्या मंडळींनी हे चरित्र मुलांना एकदा मोठ्याने वाचून दाखवावे, एवढीच नम्र विनंती. कै. बाळू पालवणकर यांच्या स्मृतीस आपल्या समाजाचे विनम्र अभिवादन.